टिनावरची काकडी

बसा. पण चहा आधी संपवा, नाही तं हसता हसता नाकातून येईन. माह्या हातून जे झालं, ते कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाले!

उन्हाळ्यात आमच्या सुनेनं, वंदनानं, लोणचं घातलं. लोणचं म्हणे! काकडीचं! तेल नाही, तिखट नाही, हळदीची चिमूट नाही. नुसतं मिठाचं पाणी, लसूण, अन् वरून शेपूच्या काड्या. शेपू! घरात शेपूची भाजी शिजली की मी शेतात मुक्काम करणारा माणूस.

"हे लोणचं आहे का काकडीची आंघोळ?" म्हटलं.

"मामाजी, शहरात लोकं आवडीनं खातात."

"शहरातल्या लोकाइचं काय सांगते? ते तं चहातही दूध घालत नाहीत!"

बुलडाण्याच्या प्रदर्शनात बचत गटाच्या टेबलावर पहिल्यांदाच तिच्या आठ बरण्या जाणार होत्या. गटातल्या बायांनी आधीच नाकं मुरडली होती. तिले त्या बायाइले दाखवून द्याचं होतं.

तिसऱ्या दिवशी पाहतो, तं पाणी गढूळ, वर बुडबुडे. घ्या, फसफसलं! अन् झाकणं? एकही धड लावलेलं नाही. आजकालच्या पोरींच्या मनगटात जीव आहे का हो?

वंदना गटाच्या बैठकीले गेली होती. माही माय लिंबाचं लोणचं झाकण आवळून छपराच्या टिनावर उन्हात ठेवे. बिघडत आलेलं लोणचंही उन्हानं सुधरे. म्हटलं, आपणच सुनेची लाज राखू. सात झाकणं अशी आवळली की लोखंडी पान्यानंही निघू नयेत. आठव्याचे आटे झिजलेले, ते काही बसेना. त्याले शिव्या दिल्या. मंग शिडी लावून एकेक बरणी वर नेली. हळूहळू. माहं सारं काम हळूहळूच असते, चूकसुद्धा.

दुपारी बाजेवर पडलो, तं टिनावर ठण्ण!

"वांदरं!" मी ओरडलो.

शेजारचा सत्तारभाई शिंपी काठी घेऊन धावत आला. "काय झालं बे किसन?"

"वांदरं लागली सुनेच्या लोणच्याले!"

ठण्ण! फाट!

"मोठा हुप्प्या दिसते," सत्तारभाई म्हणे.

मी थाळी बडवली. त्यानं खालून टिनाले काठी ठोकली. जितकी काठी ठोकावी, तितकं वरून ठणाठण!

"लय बेशरम आहे बे! उलट उत्तर देऊन राह्यला!"

तेवढ्यात खिळ्याच्या भोकातून सत्तारभाईच्या दाढीवर धार लागली. त्यानं दाढी पुसली, बोटं हुंगली.

"किसन, वांदराले शेपूचा वास येते का बे?"

मी थाळी खाली ठेवली.

वंदना आली. शिडी चढली, उतरली.

"झाकणं कोणं आवळली?"

"मी. ढिली होती ना."

"ढिली ठेवली होती, मामाजी. आतली हवा निघाले पाह्यजे."

अन् शिडीच्या खालच्या पायरीवर बसून पदरानं डोळे पुसाले लागली. आता कशी मान वर करू मी?

सात फुटल्या, वाचली एकच. तीच, झिजक्या आट्यांची. तिनं फोडी पुढे केल्या. मी नाक धरून एक चावली. खोटं काऊन बोलू? कुर्रकन वाजली! आंबट, खारट, झणकेदार. थोड्या वेळानं सत्तारभाईची अन् माही बोटं बरणीच्या बुडाशी एकमेकाले लागली.

प्रदर्शनाले अजून आठ दिवस होते. वंदनानं पुन्हा आठ बरण्या घातल्या. शेपू मी निवडला, मुकाट्यानं. सात बरण्या बुलडाण्याले गेल्या अन् दुपारपर्यंत टेबल रिकामं झालं. नाकं मुरडणाऱ्या बायाच आता कृती विचारतात.

आठवी घरी राह्यली. तिच्यावर चिकटवलेल्या कागदावर पाहतो, तं माहं नाव! मले वाचता येत नाही, पण सहीपुरतं नाव ओळखतो. आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही, अन् हिनं बरणीवर लिहिलं! छाती अशी फुगली! बरणी बगलेत मारून आमच्या अमडापूरचा सारा बाजार फिरलो. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं, पर्वा नाही केली. "पाहा, सुनेनं माह्या नावानं लोणचं काढलं!" लोकं वाचत, हसत. मले वाटलं, कौतुक.

शेवटी सत्तारभाईच्या दुकानी गेलो. म्हटलं, मोठ्यानं वाच, साऱ्याइले ऐकू दे.

त्यानं चष्मा लावला अन् वाचलं, "झाकण ढिलं ठेवावं. किसनरावांच्या हाती देऊ नये."