जहाजाचे कापड

नोकरीत हाताळलेली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. बऱ्हाणपूरच्या टाकणखाराचे प्रकरण मात्र जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहते. तपास म्हणून पाहिले तर ते साधे होते. आरोपी सापडला, मुद्देमाल मिळाला, शिक्षाही झाली. तरी त्याची आठवण झाली की हातातला घास तसाच राहतो.

संस्थाने विलीन होण्याचे ते दिवस होते. मी बऱ्हाणपूरच्या कोतवालीत थानेदार होतो. सकाळची हजेरी, गस्तीचे अहवाल, मग दारात बसलेल्या तक्रारदारांची गाऱ्हाणी. बहुतेक भांडणे केळीच्या बागांच्या बांधावरची किंवा कापसाच्या गाड्यांवरून झालेली. एके दिवशी सराफ्यातले एक वयस्क सोनार आले. खबर द्यायला आलेला माणूस आपल्याकडे न पाहता दाराकडे पाहतो. तेही तसेच पाहत होते.

"साहेब, टाकणखार आजकाल भाजीपाल्यासारखा विकून राह्यला," ते म्हणाले. "दागिन्याचा सांधा जोडायला, डाग द्यायला आम्हाला लागतो म्हणून घेतात सगळे. पण हा माल परदेशाचा, परवान्याशिवाय मिळत नाही. उद्या आमच्याच माथी येईल म्हणून सांगतो."

साध्या वेशातले दोन शिपाई सराफ्यात ठेवले. विकणारा लगेच सापडला. बऱ्हाणपूरच्याच लालबागजवळ कापडावर प्रक्रिया करणारा एक कारखाना होता, तिथल्या रंगखात्याचा तो मुकादम. पन्नाशीचा, हाताची नखे कायमची निळी झालेली. खोलीची झडती घेतली तेव्हा पोती उघड्यावरच रचलेली होती. लपवायचा प्रयत्नच नव्हता.

चौकशीत मी आरोपीला आधी बसवून ठेवत असे. चोर एक तर थरथरतो, नाही तर उर्मट बोलतो. हा नुसता गोंधळला होता.

"चोरी कशाची, साहेब?" तो म्हणाला. "वापरतच नव्हतं कोणी. पोती पडून राह्यली होती, ओल धरत होती. मी उचलली."

"कारखान्यात ती आणली कशाला होती?"

"जहाजाच्या कापडासाठी. टाकणखाराच्या पाण्यात कापड भिजवायचं, वाळवायचं, मग पाठवायचं. त्यानं आग धरत नाही म्हणतात. पण पावसाळ्यात वाळायला फार वेळ लागे. शेठ म्हणाले, भिजवू नको, तसंच जाऊ दे. जहाज पाण्यात चालतं साहेब, त्याला कशी आग लागणार?"

या उत्तराने माझ्या हातातली चोरी एकदम वेगळीच झाली. मी दोन पंच घेऊन कारखान्यात गेलो. ज्या जहाजाच्या गोदीसाठी हे कापड जायचे, तिने मंजूर केलेला नमुना शेठच्या कपाटात होता आणि पाठवायचा माल बाहेर गठ्ठ्यांत बांधलेला. दोन्हींच्या पट्ट्या कापल्या आणि पंचांसमोर पेटवल्या. नमुन्याची पट्टी टोकाला काळी पडली आणि विझली. दुसरी सरसर पेटत वर आली. हवालदाराला ती टाकून द्यावी लागली.

शेठ गावातले मानाचे गृहस्थ. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

"थानेदारसाहेब, जरा सोचून बघा," ते शांतपणे म्हणाले. "चारी बाजूंनी पाणी. आणि तिथं जाऊन कोण काडी लावून बघणार आहे?"

मी चहा घेतला नाही. गोदीला तार केली.

ती गोदी पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहान संस्थानाची होती. तिथे प्रवासी वाहतुकीची एक आगबोट बांधून होत आली होती. तारेला उत्तर म्हणून तिथला विजेचा फोरमनच येऊन हजर झाला. रत्नागिरीकडचा, चाळिशीचा, किडकिडीत माणूस. कोतवालीत आल्या आल्या त्याने जळक्या पट्टीचे टोक बोटांत चुरगाळून पाहिले आणि खुर्चीत बसला.

मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. त्यानेच मला समजावून सांगितले. बोटीत विजेच्या तारा खोल्याखोल्यांतून जातात. खाऱ्या हवेने आणि यंत्राच्या हादऱ्याने त्यांचे वेष्टन झिजते, ठिणगी पडते. म्हणून तारांवर हे कापड गुंडाळायचे. लोखंडी आडभिंतींतून तार जाते त्या भोकांतही हेच ठासायचे, म्हणजे एका खोलीतली आग दुसरीत शिरत नाही. भिंतींना लाकडी अस्तर असते, त्याच्या मागेही हेच कापड.

"घराला आग लागली तर माणूस अंगणात येतो, साहेब," तो म्हणाला. "बोटीला अंगण नसतं."

"किती कापड लागले आहे?"

"सगळं. नमुना मी स्वतः जाळून बघितला होता हो. सही माझी आहे."

सगळे उपटून काढायचे असा त्याचा निश्चय होता. मी त्याला पंचनाम्याची नक्कल दिली आणि अधीक्षकांमार्फत संस्थानाच्या दिवाण कचेरीला पत्र पाठवले. ते परत आले. वर शेरा होता, सदर कार्यालय बंद झाले आहे. मग नव्या प्रशासनाला लिहिले. त्यांनी अजून पुरता कारभार हाती घेतला नव्हता. गोदीचा व्यवस्थापक म्हणे, हुकूम आल्याशिवाय तयार बोट मी फोडणार नाही. नव्या राजवटीची पहिली बोट म्हणून तिचा समारंभही जाहीर झाला होता.

फोरमनचे एक पत्र मला आले. यंत्रघरातले कापड त्याने आणि दोन मदतनिसांनी काढून टाकले होते. उतारूंच्या भागाला हात लावू दिला नव्हता. 'बोट सुटेल तेव्हा मी स्विचबोर्डापाशी उभा राहणार आहे,' असे त्याने लिहिले होते. 'निदान प्रवाह तरी वेळेत तोडता येईल.'

मी पुन्हा अधीक्षकांकडे गेलो. ते भले गृहस्थ होते. माझ्यासमोर त्यांनी दोन ठिकाणी फोन लावला. एका ठिकाणी कोणी उचलला नाही. दुसऱ्या ठिकाणी सांगितले, लेखी पाठवा.

बोट पहिल्या काही फेऱ्या नीट करून आली. मलाही वाटू लागले की आपण उगाच घाबरलो. मग बोटीला आग लागल्याची बातमी आली.

वाचलेल्या एका खलाशाने पुढे चौकशीत सांगितले की वास येताच फोरमनने प्रवाह तोडला होता. पण आग तोवर लाकडी अस्तराच्या मागे शिरली होती आणि कापडावरून पुढच्या पुढच्या खोलीत जात होती. बायका-मुले खालच्या भागात होती. तो त्यांना काढायला खाली उतरला. काही जणांना त्याने वर ढकलले. तो वर आला नाही.

ज्यांचा या प्रकरणाशी संबंध होता त्यांतल्या एकालाच मी स्वतः जाऊन सांगितले. मुकादम तेव्हा चोरीबद्दल शिक्षा भोगत होता. तुरुंगात तो गजांपाशी आला आणि त्याने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "लहान पोरं होती का, साहेब?" मी मान डोलावली. तो तिथेच खाली बसला. शेठवर काहीच शाबीत झाले नाही. त्यांच्या वकिलाने सांगितले की ठरल्याप्रमाणे कापड दिले नाही हा दिवाणी वाद आहे आणि तो गोदीने आणावा. गोदी तोवर दुसऱ्याच खात्यात गेली होती. नव्या प्रशासनाचे उत्तरही अखेर आले. हे प्रकरण कोणत्या विभागाशी संबंधित आहे ते कळवावे, असे त्यात होते.

बोटीच्या आगीच्या चौकशीत साक्ष द्यायला मी किनाऱ्यावर गेलो. पंचनामा दाखवला. अध्यक्षांनी तो चोरीच्या खटल्यातला, म्हणून बाजूला ठेवला. निष्कर्ष असा निघाला की कापड मंजूर करणारा विजेचा फोरमन जबाबदार. त्याची सही होती. तो उत्तर द्यायला नव्हता.

पोलिसाचे काम सत्य बाहेर काढण्याचे, असे मी तोवर मानत असे. इथे सत्य बोट सुटण्याच्या पुष्कळ आधी बाहेर आले होते. ते कोतवालीला माहीत होते, अधीक्षकांना माहीत होते, गोदीला माहीत होते. माहीत असण्याने उतारूंच्या भागातल्या अस्तराचा एक खिळाही निघाला नाही. नंतर कित्येक गुन्हे मी उघडकीला आणले, शाबासक्याही घेतल्या, पण त्या समाधानावर माझा विश्वास पुन्हा बसला नाही.

त्या दिवशी चौकशीच्या कचेरीबाहेर फोरमनची बायको उभी होती. सोबत तिचा दीर होता. तिने मला ओळखले कसे, कोण जाणे.

"तुम्हीच ना बऱ्हाणपूरचे साहेब? तुमच्याकडून आले तेव्हा हे म्हणाले होते, साहेबांनी चोर पकडलाय."

"हो, वहिनी."

"आत आत्ता वाचून दाखवलं, त्यात ह्यांचं नाव आहे." तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरेच कळत नव्हते. "चोर तुम्ही पकडला होतात. मग त्यात ह्यांचं नाव कसं?"

मी टोपी हातात घेऊन उभा होतो. दीर म्हणाला, "चल वहिनी, गाडी चुकेल." ती माझ्या उत्तरासाठी आणखी थोडी थांबली आणि मग त्याच्यामागून निघून गेली.