दस्तगीरच्या हातचा जपानी भात

भिंगारला छावणीलगत खाणावळ काढली आहे, दर रविवारी जपानी भात करतो, तेव्हा मास्तर, आईला घेऊन जेवायला या, असं दस्तगीरचं पत्र आलं. त्याच्या आईला, अमिनामावशीला, मी ते जसंच्या तसं वाचून दाखवलं. आधीची सगळी पत्रं अशीच वाचली असती तर हा प्रवास मला सुखाचा झाला असता.

लढाई संपल्यावर दस्तगीरची पलटण जपानात गेली. तिथे तो आचारी होता. मावशीला अक्षरओळख नाही, आणि मिरजगावच्या शाळेचा मास्तर मी. पोरगा लिही, 'इथं गार भातावर कच्ची मासळी ठेवून खातात, मीपण खातो.' मी वाची, 'रोज गरम भाकरी आणि मटण मिळतं.' म्हातारीच्या जिवाला घोर नको, एवढाच हेतू. शिवाय माझं वाचन मूळ पत्राहून सरस उतरतं असंही मला वाटे.

रविवारी सकाळी सर्व्हिस मोटारीने निघालो. हा प्रवास करणाऱ्याने एक ध्यानात ठेवावं, शेवटच्या बाकावर बसू नये. खड्डा आला की टोपी आधी छताला लागते आणि मग आपण. रुईछत्तिशीला मोटारीत पाणी भरतात, तेवढ्यात चहा होतो. पोचताच दस्तगीरला बाजूला घेऊन सगळं सांगून टाकायचं, असा माझा बेत होता. पण नगरच्या स्टँडवरून टांग्याने भिंगारला उतरलो तेव्हा दस्तगीर दारातच उभा होता, आणि मावशीने त्याचा हात धरला तो सोडलाच नाही.

पत्र्याखाली दोन बाकडी. एरवी इथे ट्रकवाल्यांसाठी मटण-भाकरी असते, रविवारी मात्र तिकडून परतलेले शिपाई येतात. आमच्या ज्वारीच्या मुलखात भात म्हणजे पाहुण्यांचं जेवण, त्यात तांदूळ रेशनवर, आणि हा गडी तो गार करून वाढत होता. ताटात भाताच्या लहान वळकट्या, आत मासळी, भोवती काळा कागद.

"तिकडं ह्याला सुशी म्हंत्यात," दस्तगीर म्हणाला. "तिथं समुद्राची मासळी आस्ती, कच्ची चालती. मी आपल्या भीमेची वाफवून घालतो."

मी कागद नीट सोलून ताटाच्या कडेला ठेवला, भात कुस्करला आणि कालवण मागितलं. समोरचा शिपाई जेवायचा थांबला. एक घास घेतल्यावर मी हळूच म्हणालो, "दस्तगीर, भात आंबलाय रे."

"आंबट शिरका हाय त्यो, मास्तर, भातात मुद्दाम घालत्यात. आन् त्यो कागद न्हाई, समुद्रातला पाला हाय. येकच डबा आनला हुता, तुमच्यासाठी ठिवला."

मी तो पाला उचलून निमूट खाल्ला. मावशीने मात्र अख्ख्या वळकट्या एकेक करून संपवल्या.

"कुनी शिकवलं रं ह्ये?"

"आगं, लिव्हलं हुतं की. तिथल्या मुदपाकातल्या जपानी म्हातारीनं शिकवलं. मला ताप आल्ता तवा धा दिस उशाशी बसून तिनंच भरवलं. तिची दोन्ही पोरं लढाईत गेल्याली."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुमी काय वाचलं हुतं?"

माझ्या तोंडात घास होता. तो गिळला आणि सगळं सांगितलं. भाकरी माझी, मटण माझं. ताप गाळला, म्हातारी गाळली.

"पोरगं तापानं फनफनलेलं," ती सावकाश म्हणाली, "आन् मी हितं मटनाचं शुकर करीत बसले. त्या बाईला येक सबूद कळवला न्हाई मी."

मला फार लाज वाटली. वर्गात मुलांना खोटं बोलल्याबद्दल अंगठे धरायला लावणारा माणूस मी.

परतीला मावशी पुढे बायकांत बसली आणि मी शेवटच्या बाकावर. रुईछत्तिशीला तिने शिदोरीतली अर्धी भाकरी माझ्याकडे पाठवली, ठेचा पाठवला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच ती पत्रांचं गाठोडं घेऊन आली. "आता हाय तसं वाचा."

वाचलं. कच्च्या मासळीपाशी ती रडेल म्हणून मी दोन वर्षं भाकऱ्या थापल्या होत्या. तिथे ती पदर तोंडाला लावून हसली. तापाचं पत्र तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "आता लिव्हा. बाई, माज्या पोराला तू भरवलंस. तुज्या पोरांसाठी मी रोज दुवा मागंन."

तेवढंच लिहिलं. मग न राहवून विचारलं, "मावशी, मराठी तिला कोण वाचून दाखवणार?"

"आसंल की तिथं बी येकांदा मास्तर. तुमच्यावानी नसला म्हंजे झालं."

पत्ता दस्तगीरकडून आला. पण पाकीट चिकटवायला तिने मला दिलं नाही. आधी पोस्टमनला दारात थांबवलं आणि मी काय लिहिलंय ते त्याच्याकडून वाचून घेतलं.