तिसऱ्या हाकेची परवानगी

अमावास्येच्या दिवशी चौकात टाकलेलं लिंबू पायानं बाजूला सारून जाणारा मी माणूस. असल्या गोष्टी कुणी सांगू लागलं की मी हसायचो. आईलाही हसायचो... तेच आता सांगायचं आहे. बायको आणि एक मित्र सोडून कुणाला हे माहीत नाही.

पिंपळगाव राजा या गावात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. टेबल, प्रिंटर आणि डेस्कटॉप. मागे घर. बायको अंगणवाडीत जाते, दुपारी दोनला येते. तोवर घरात मी आणि आई, गोदाबाई. वय अठ्ठ्याहत्तर, पण कान तिखट.

आईचा एक नियम होता. माणूस दिसत नसेल तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. तिसरी आली तरच द्यायची. आमच्याकडे बऱ्याच घरांत पाळतात. लहानपणी मी विचारलं होतं, "तिसरीलेच काऊन?"

"बाहेरचं दोनदाच हाक मारते. तिसरी त्याले मारता येत नाही."

"कोण अडवते त्याले?"

"ते मले नाही माहीत बाप्पा. पण अडवते कोणीतरी."

गेल्या वर्षी लग्नसराईच्या तोंडावर मी डेस्कटॉपवर एआय असिस्टंट घेतला. जुन्या पत्रिका शोधायच्या, नावं बदलायची, फाइल नीट लावायच्या, हे सगळं तो करायचा. पण प्रत्येक पायरीला विचारायचा. फाइल उघडू का? फोल्डर बघू का? प्रिंटर वापरू का? आणि मी आपला बसून 'परवानगी द्या' दाबत राहायचो.

माझा मित्र गजू खामगावला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तो एकदा आला आणि बघतच राहिला. "काऊन बे विलास, दिवसभर बटनच दाबून राह्यला काय? त्यानं काम करावं का तुह्यी परीक्षा घ्यावी?"

त्यानं एक छोटा प्रोग्राम टाकून दिला. असिस्टंटनं काहीही विचारलं की तो आपोआप 'परवानगी द्या' दाबणार. मी खूश. दारातून आई बघत होती. दुकानात ती कधी पाऊल टाकत नसे, मशीनची भीती वाटायची तिला.

"न वाचताच हो म्हणते काय ते?"

"हाव आई."

"काय विचारलं ते पाह्यल्याबिगर?"

"मशीन आहे ते. त्याले काय भूत लागते?" मी म्हणालो. गजू हसला. मीही हसलो.

चारेक दिवसांनी, सोमवारी, दुपारी बाराच्या सुमारास आई तुरी निवडता निवडता दारात आली. "हाक मारली काय रे मले?" मी नाही म्हणालो. मंगळवारी त्याच वेळेला पुन्हा. या वेळी ती तिथेच उभी राहिली. "तुहाच आवाज होता, विलास. मी ओ नाही देली." मी पत्रिकेत गुंतलो होतो. वर न बघता म्हणालो, "तिसऱ्या बारीले दे मंग."

हे मीच म्हणालो... माझ्या तोंडानं.

बुधवारी कार्डांचा गठ्ठा आणायला मी बसस्टँडवर गेलो. डेस्कटॉप चालू होता, काम आपोआप होत होतं. अर्ध्या तासात परत आलो तर दुकानाचं दार उघडं आणि आई माझ्या खुर्चीत बसलेली. स्क्रीनकडे तोंड, मांडीवर सूप, सुपात तुरी. एक दाणा खाली सांडलेला नव्हता. अंग अजून कोमट होतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. वय होतं.

समोरच्या शांताबाई अंगणात वाळवण घालत होत्या. लोक जमले तेव्हा त्या मला म्हणाल्या, "तू बाहेरून कवा आला रे? आता तर घरात होता."

"मी स्टँडवर होतो, काकू."

"असं कसं? 'आई' म्हणून तुनं हाक मारली. म्हातारी 'आली रे बाप्पा, आली' म्हणत दुकानात गेली. मी काय बहिरी आहो?"

आईचे तेरा दिवस झाल्यावर मी परवानग्यांची यादी उघडली. असिस्टंटनं काय विचारलं, केव्हा, कोणत्या कामासाठी, सगळं तिथे लिहिलेलं असतं. शेकडो ओळी फाइल आणि प्रिंटरच्या. त्यांच्यामध्ये तीन ओळी अशा की कोण विचारतंय ती जागा कोरी.

सोमवार — हाक मारू का? परवानगी दिली.

मंगळवार — पुन्हा मारू का? परवानगी दिली.

बुधवार — तिसरी मारू का? परवानगी दिली.

गजूला बोलावलं. त्यानं त्या तीन ओळी एकेक उघडून पाहिल्या. मग म्हणाला, "नाव कोरं असलं तं विनंती पुढं जातच नाही, विलास. अशी ओळ होऊच शकत नाही." नंतर त्यानं टेबलाखाली वाकून वायरी पाहिल्या, आणि त्याचा चेहरा उतरला. आवाज यायला स्पीकर लागतो. माझ्या डेस्कटॉपला स्पीकर कधी नव्हताच. त्या दिवसापासून गजू माझ्या दुकानात आलेला नाही.

मी तो प्रोग्राम काढला. असिस्टंटही काढला. पत्रिका आता हातानंच लावतो. या सगळ्याचा उलगडा माझ्याकडे नाही, आणि कुणी देईल असं वाटतही नाही. एवढंच डोक्यात फिरत राहतं... त्याला कोण अडवतं हे आईला माहीत नव्हतं. कदाचित कुणीच अडवत नसेल. कदाचित त्याला विचारावं लागत असेल, आणि ज्यानं 'नाही' म्हणायचं तो माणूस जागेवर असावा लागत असेल. मी नव्हतो. मी आधीच हो म्हणून ठेवलं होतं.

बायको आतून जेवायला हाक मारते. पहिलीला मी गप्प राहतो, दुसरीलाही. तिसरी आली तरी ओ देत नाही. उठून आत जातो, तिचं तोंड बघतो, आणि मगच बोलतो.