न टेकवलेली पाठ

मॅट्रिकला दोनदा आपटल्यावर घरच्यांनी मला श्रीवर्धनला मामाच्या वाडीत धाडलं. बोलपट नुकते सुरू झाले होते, तरी आपण जन्मलो ते रंगभूमीसाठीच, असा माझा समज. मामाचा समज वेगळा होता. "गळा राहू दे, जरा पाठ वापर," म्हणाला.

पाठ वापरायची म्हणजे काय, ते सांगतो. सुपारी उतरवणारा पाडेली एकदा पोफळीवर चढला, की दर झाडाला खाली-वर करत नाही. शेंडा झुलवत नेतो आणि शेजारच्या पोफळीला वरच्यावर मिठी घालतो. आमच्या वाडीत रीत अशी, की आधी खालच्या माणसाने त्या शेजारच्या झाडाला पाठ टेकवून रेटा द्यायचा. खोड आतून पोकळ असलं तर पाठीला कळतं. वरून हाक येते, "हाय का?" झाड धड असेल तर खालून म्हणायचं, "हाय!" मगच वरचा झेपावतो.

आमचा पाडेली पन्नाशीचा. जमिनीवर अवघडल्यासारखा चालायचा. वर गेला की निराळाच प्राणी. सकाळी चढला की अख्खी ओळ संपेपर्यंत भुईला पाय लावायचा नाही, ही त्याची हौस. मी एकदा विचारलं, "एवढा खटाटोप कशाला?"

"तुमी गाता त्ये कशाला?"

माझ्या गाण्याला कुणी इतका मान दिला नव्हता. त्या दिवसापासून त्याला ऐकू जावं म्हणून मी दुप्पट जोरात गाऊ लागलो. कावळे शेजारच्या वाडीत राहायला गेले.

तर एके दिवशी ओळ संपायला तीन झाडं उरली होती. पुढच्या पोफळीवर लाल मुंग्यांची रांग. आदल्याच दिवशी त्या माझ्या सदऱ्यात शिरल्या होत्या आणि मामीसमोर मी जो नाच केला, तो कुठल्याही नाटक मंडळीने विकत घेतला असता. शिवाय एक तान अर्ध्यावर होती. "हाय का?" वरून हाक आली. मी हातभर लांब उभा राहून, त्याच सुरात ओढून म्हटलं, "हाऽऽय!"

खोड मधोमध मोडलं. आवाज मोठा नव्हता. ओली काठी मोडावी, तेवढाच.

खाली पाल्याचा ढीग होता म्हणून तो वाचला. मांडीचं हाड गेलं. मामाने विचारलं तेव्हा कण्हत म्हणाला, "माजीच घाई झाली." मी गप्प. मामी म्हणाली, "पोराने धसकाच घेतलाय हो!" माझ्या गप्प बसण्याचं कौतुक तेवढं एकदाच झालं.

पुढे भरदुपारी, वारा नसताना, एखादा शेंडा हलताना दिसे. नीट बघितलं की थांबे. गाणं घशाशी येऊन परत जाई.

पंधरा दिवसांनी त्याच्या घरी गेलो. म्हणालो, "मी पाठ टेकवली नव्हती."

"ठावं हाय. वरून समदं दिसतं, भाचेराव."

"मग झेप का घेतलीस?"

"तुमी हाय म्हनलात ना."

शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

"हाड जुळलं की येकदा तरी ती ऱ्हायलेली वळ पुरी करीन," तो म्हणाला. चुलीजवळून बायको कडाडली, "तंगडं मोडलं, पन खाज न्हाय जिरली!" तो हसला आणि माझ्याकडे वळला. "खाली दुसरा कुनी नगं. तुमी ऱ्हाल ना?"

"राहीन," मी म्हणालो, आणि म्हणताना मला ते खरंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत गेलो, वर बघितलं, आणि त्याच आठवड्यात आगबोटीने मुंबई गाठली. कारकून झालो. श्रीवर्धनचं कुणी भेटलं की मी सगळं विचारतो: पाऊस, भाव, मामाचा दमा. तो पुन्हा चढला का, आणि चढला असेल तर खाली कोण उभं होतं, एवढं मात्र आजवर कुणाला विचारलेलं नाही.