टाकी खाली, नळ त्याहून खाली

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत एकच बातमी होती: शिवकांताअक्कांच्या घरात निजामाच्या काळातला मोहरांचा हंडा सापडला. पुरावे पक्के होते. मागच्या खोलीची फरशी उखडलेली, दाराला आतून कडी, आत छन्नी-हातोड्याचा आवाज, आणि अक्का बाहेर आल्या की हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले. आमची राजश्री तर माझ्या मागंच लागली, "जा हो, साखर मागायच्या निमित्तानं बघून या."

गेलो. हंडा नव्हता. फरशीखालचा लोखंडी पाइप सडला होता, भिंतीला ओल चढत होती, आणि पंचावन्न वर्षांच्या अक्का पदर कमरेला खोचून, खड्ड्यात उतरून गळती शोधत होत्या.

"काय बघलालास रेणुकादास? ये, पाना धर."

साखर मागायला गेलेला मी दुपारभर पाना धरून बसलो. साखर मिळाली नाहीच, वर बोलणी खाल्ली. "हापिसात असंच धरतोस का पेन? नीट धर की!"

तुम्ही म्हणाल, बाईमाणसाला हा उद्योग सुचलाच कसा? तर ऐका. अक्कांचे मालक वारले, त्यांचं भुसाराचं दुकान उठलं, आणि मुलगा संगमेश पुण्याला नोकरीला लागला. त्याचा प्रत्येक फोनवर एकच पाढा: "आई, घराला कुलूप लाव आणि इकडं ये." अक्कांना पुण्याला जायचं नव्हतं. एकदा राहून आल्या होत्या. "तिसऱ्या मजल्यावर टांगून ठेवतेत रे माणसाला," एवढंच बोलल्या. शेवटी मायलेकांत ठरलं की मागच्या दोन खोल्या नीट करायच्या आणि जूनमध्ये क्लासला येणाऱ्या मुली ठेवायच्या. खोल्या राहण्याजोग्या झाल्या, सोबतीला मुली आल्या, तर अक्का लातुरात. नाही तर कुलूप.

मुलींचा तोटा नव्हता. बोर्डाच्या निकालांमुळं लातूरचं नाव असं गाजत होतं की उमरी म्हणू नका, मुरुड म्हणू नका, सगळीकडची मंडळी ट्रंक, गादी आणि लेकरू घेऊन एसटीतून उतरत होती. ज्याच्या घरी न्हाणीघर मोकळं, तो घरमालक. तोटा होता गवंड्यांचा. भूकंपाला तीन-चार वर्षं झाली होती. निम्मे गवंडी किल्लारीकडं नवी गावं बांधायला गेलेले, उरलेले क्लासवाल्यांचे हॉल बांधण्यात गुंतलेले. मडिवाळप्पा मिस्त्री एकदा येऊन चहा पिऊन गेला. भिंतीवर टकटक केली, मान हलवली आणि "सोमवारी येतो अक्का" म्हणाला. कुठल्या सोमवारी, तेवढं सांगायचं राहिलं.

मग अक्काच हार्डवेअरच्या दुकानात गेल्या. पाइप, एल्बो, पाना, थापी, ओळंबा, आटे आवळायला सफेदा आणि सुतळी, सगळं पिशवीत घालून रिक्षानं आल्या. "आयुष्यभर पुरण वाटलं मी. शिमिट कालवायला काय अक्कल लागतीय?"

अक्कल लागते, हे गल्लीला लवकरच कळलं.

आमच्याकडं नळाला पाणी येतं आठवड्यानं. त्या सकाळी घागरी, बादल्या, टब, लग्नातली पातेली, सगळं अंगणात रांगेत उभं असतं. पाणी सुटलं आणि नेमका त्याच वेळी अक्कांनी सगळा जोर लावून एक जॉइंट पिळला. तो त्यांचा नव्हता. आमच्या तीन घरांचा मिळून होता. रस्त्यावर असं कारंजं उडालं की पोरं अंघोळीला धावली. समोरच्या गौरम्मा दारात रिकामा हंडा घेऊन उभ्या, तोंडात कानडी आणि डोळ्यांत मराठी शिव्या. मी म्हणालो, "अक्का, हंडा सापडला बघा. पण रिकामा आहे."

कुणी हसलं नाही. पुढचे आठ दिवस मी ऑफिसातून कॅन भरून आणत होतो.

मग फरशी. शहाबादी फरशी अक्कांनी स्वतः बसवली. दिसायला झकास, सांधे सरळ. न्हाणीतलं पाणी मोरीकडं जावं म्हणून उतार बघायला त्या फरशीवर लिंबू सोडायच्या. लिंबू बिचारं गोल, पण फार गोल नाही. ते मोरीकडं गेलं. पाणी मात्र देवघराकडं गेलं. अक्कांनी सगळी फरशी उखडून पुन्हा बसवली, आणि उखडताना जे बोलल्या ते देवघरातल्या देवांनी ऐकलं, मी लिहीत नाही.

मुलींच्या सायकली आत घ्यायला गेटसमोर काँक्रीटचा उतार हवा होता. तोही केला. उतार कसला, कडाच तो! दुपारीच ओतलेला, वर ओली पोती टाकलेली. अक्कांच्या भिंतीला स्कूटर टेकवायची माझी जुनी सवय; संध्याकाळी आलो आणि बेधडक वर चढवली. चाक रुतलं. मी ओढतोय, राजश्री ढकलतेय, गौरम्मा ओसरीवरून समाधानानं बघतायत.

"हलवू नको रे! सगळं फाटंल!"

"अक्का, माझी स्कूटर—"

"स्कूटर जाईल कुठं? शिमिट बिघडतंय हितं!"

ती खूण अजून आहे. बुजवू म्हटलं तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. पोरी घसरायच्या न्हाईत."

मेअखेरीस काम संपलं. पाण्याचा दिवस आला, हजार लिटरची काळी टाकी काठोकाठ भरली, अक्कांनी न्हाणीतला नळ सोडला आणि पाणी धो धो आलं. गल्लीत पेढे वाटले. गौरम्मांनी दोन घेतले.

चौथ्या दिवशी नळ फुस्स करून बंद पडला.

गळती नव्हती. टाकीत निम्मं पाणी होतं. पण अक्कांनी टाकी ठेवली होती अंगणात, विटांच्या एका थरावर, आणि नळ लावले होते कमरेएवढ्या उंचीवर. टाकी भरलेली असेपर्यंत पाणी चढलं. पातळी खाली गेली तशी नळानं मान टाकली. मी म्हणालो, "अक्का, एवढंच ना? टाकी स्लॅबवर चढवू, झालं." चार माणसं गोळा केली, दोर आणला. अक्का जिन्यात आडव्या उभ्या, हातात पाना.

"टाकी वर जायची न्हाई."

"अहो, सगळ्या लातूरच्या टाक्या वरच असतात."

"असू द्या. एवढं पाणी डोक्यावर घिऊन मी झोपायची न्हाई."

चारही माणसं खाली बघू लागली. भूकंपात अक्कांच्या माहेरी, औशाकडच्या गावात, भावाच्या घराचं मातीचं माळवद खाली आलं होतं. त्याखालची माती उपसणाऱ्यांत अक्का होत्या. तेव्हापासून त्यांच्या घरात डोक्यावर काही नसायचं. माळ्यावरची पितळी भांडी जमिनीवर आली, भिंतीतली फळी निघाली, रात्री उशाशी स्टीलच्या पेल्यांची उतरंड, हलली की जाग यावी म्हणून. हे सगळ्यांना ठाऊक होतं. दोर गुंडाळून मी घरी आलो.

पण ठाऊक असलं म्हणून चीड येत नाही असं थोडंच आहे? दुसऱ्या दिवशी पुन्हा छन्नीचा आवाज. अक्का नवा गिलावा फोडून सगळे नळ खाली आणत होत्या, जमिनीपासून वीतभर. आता पाणी येई, पण नळाखाली बादली बसेना. मग? आमच्याकडं पाण्याला जोर नसला की गल्लीत लोक काय करतात? नळाखाली खड्डा खणतात आणि त्यात घागर ठेवतात. अक्कांनी तेच न्हाणीत केलं. दोनदा बसवलेली शहाबादी फरशी तिसऱ्यांदा फोडली आणि प्रत्येक नळाखाली बादलीच्या मापाचा चौकोनी खड्डा केला. आत सिमेंट, तळातून मोरीला पाइप. मी दारात कपाळाला हात लावून उभा.

"अक्का, खोल्या बघायला येणारा हे बघून पळून जाईल हो!"

"तू पळालास का?"

रविवारी संगमेश आला. पिशवीतून त्यानं आधी आईसाठी आणलेली बाकरवडी काढली, मग नवंकोरं कुलूप. दोन्ही कट्ट्यावर ठेवली. घरभर फिरला. उतार बघितला, चाकाची खूण बघितली, माझ्याकडं बघितलं. न्हाणीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"आई, हे काय आहे?"

"न्हाणी."

"न्हाणीत खड्डे? लोक काय म्हणतील? इथं कोण आपली मुलगी ठेवणार? बास झालं आता. मंगळवारच्या गाडीची तिकिटं काढतो."

अक्कांनी हातातली थापी खाली ठेवली. पहिल्यांदाच. खरं सांगतो, मलाच ते पटेना. एवढी फरशी फोडून बाई पुण्याला तिसऱ्या मजल्यावर जाणार म्हणजे काय?

तेवढ्यात गेट वाजलं. उतारावरून दमानं चढत एक बाई आल्या, मागं वह्यांची पिशवी घेतलेली मुलगी. धुरपताबाई, किल्लारीपलीकडच्या एका गावच्या. सकाळपासून खोल्या बघत फिरत होत्या. "लई घरं बघितली," त्या पाणी पिऊन म्हणाल्या. "चांगली हायत. समद्यांच्या डोक्यावर टाक्या."

संगमेशनं त्यांना घाईनं न्हाणी दाखवली, अगदी मुद्दाम. "बघा बरं मावशी. नळ खाली आहेत. हे असे खड्डे आहेत."

धुरपताबाईंनी खड्ड्याकडं बघितलंच नाही. त्या छताकडं बघत होत्या, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. मग अंगणात आल्या, टाकीवर हात ठेवला.

"वर काय न्हाई ना, अक्का?"

"कायबी न्हाई."

"माझी पोरगी हितं ऱ्हाईल. हिची मैत्रीण बी हाय एक, तिच्या आईलाबी घिऊन येते उद्या."

मुलगी तोवर खड्ड्यात बादली ठेवून बघत होती. बादली बरोबर बसली.

त्या दोघी गेल्यावर संगमेश कट्ट्यावर बसला. पोरगा वाईट नाही, हट्टी आहे, आईवर गेलाय. म्हणाला, "पण आई, तो खड्डा... अंधारात कुणाचा पाय गेला तर?"

अक्कांनी थापी उचलली, कट्ट्यावरचं नवं कुलूप उचललं, किल्ली फिरवून बघितली आणि म्हणाल्या, "पाय गेला तर काढता येतोय. कुलूप मात्र चांगलं आणलास, पोरींच्या खोलीला लागतंयच."