मँडरिनमधल्या मीटिंगा
सिंगापूरमध्ये पाया लेबारच्या ऑफिसात मी सात वर्षं टेस्टिंगची टीम सांभाळत होते. मग एका चिनी कंपनीने आमची कंपनी विकत घेतली. खरं सांगते, मला आनंदच झाला. सुट्टीत पुण्याला गेले की मी नातेवाइकांना ऐकवायचे, "चीनकडून शिका. ते बोलत बसत नाहीत, करून दाखवतात." आता तेच लोक आमच्याकडे येणार होते.

आधी वरचे साहेब बदलले, मग मीटिंगची भाषा बदलली. मी एकदा म्हटलं, "प्लीज, इंग्लिश?" नवे साहेब हसले, दोन वाक्यं इंग्रजीत बोलले आणि परत मँडरिनवर गेले.

माझ्या टीममध्ये चीनमधल्या चेंगदूची एक मुलगी होती. तिला काम मीच शिकवलेलं. तिच्या इंग्रजी ईमेल मी दुरुस्त करून द्यायचे, माझ्या डब्यातले पोहे ती आवडीने खायची. मीटिंगमध्ये ती शेजारी बसून लॅपटॉपवर माझ्यासाठी भाषांतर टाइप करायची. त्या चार ओळींवर मी दिवस काढत होते.

एकदा साहेब बराच वेळ बोलले. दोघातिघांनी माझ्याकडे वळून पाहिलं. तिची बोटं थांबलेली.

"काय म्हणाले?" मी हळूच विचारलं.

तिने टाइप केलं, "विशेष काही नाही."

पुढच्या सोमवारी एचआरने बोलावलं. टेस्टिंगचं काम शेन्झेनला जाणार होतं. इथे एकच जागा उरणार होती, तिची.

लिफ्टपाशी मी तिला गाठलं. "तुला माहीत होतं?"

"हो. सांगितलं असतं तर माझंही नाव यादीत गेलं असतं."

तिचं चुकलं, असं मला आजही म्हणता येत नाही. राग त्याचाच जास्त येतो.

नोकरीबरोबर इथे राहण्याचा सरकारी पासही गेला, आणि माझ्याच पासवर नवरा आणि मुलगी इथे राहत होते. दोन ठिकाणी मुलाखतीला बोलावलं. दोन्हीकडे पहिला प्रश्न, मँडरिन येतं का? वुडलँड्सचा फ्लॅट आम्ही महिन्याभरात रिकामा केला.

मुलगी इथेच जन्मलेली, नऊ वर्षांची. पुण्याला परत जायचंय म्हटल्यावर ती खोक्यावर बसून राहिली आणि इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, "आय नेव्हर लिव्ह्ड देअर, लाह. हाउ टू गो बॅक?"

नवरा चिकटपट्टी लावत राहिला. मी ओरडले तिच्यावर.

पुण्यात काम मिळालं, दोन पायऱ्या खालचं. मुलगी अजून माझ्याशी तुटकच बोलते.