पाय मागे घे, रांगोळी पुसेल

मंडळी, आज फिजिओथेरपीच्या टेबलावर पडल्या पडल्या मी रांगोळी काढली!

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला उकिडवं बसता येत नाही. इथे हिंदी मुलखात, आमच्या लक्ष्मी गेटच्या गल्लीत, बाकीचे सणालाच चौक पुरतात, म्हणजे पिठाची रांगोळी काढतात. रोज दारात ठिपके मांडणारं मराठी घर आमचंच. तेही दार आता कोरंच असतं.

आज फिजिओवाल्या नेहाने गुडघा दुमडायला घेतला. पोरगी गोड, पण हात लोखंडी. कळ पार मस्तकात गेली. मी डोळे गच्च मिटले, आणि समोर आमचं ओलं अंगण आलं. कोवळं ऊन होतं. चिमटीतून पांढरी रेघ सुटत होती, ठिपक्याला ठिपका जुळत होता. कळ होती, पण जणू शेजारच्या घरात.

तेवढ्यात गुडघा धरूनच नेहा जराशी सरकली, तिच्या चपला वाजल्या. मी ओरडले, "अगं, पाय मागे घे, रांगोळी पुसेल!"

ती बावचळली. मी ओशाळून हिंदीत सगळं सांगितलं. ती हसली नाही. गुडघा हळूच सोडत म्हणाली, "अधूरी रह गई न, आंटीजी? कल पूरी कर लीजिए. मैं बचके चलूँगी."

असह्य दुखतं तेव्हा डोळे मिटून तुम्ही कुठे जाता? मला तर उद्या कधी नव्हे ती त्या टेबलावर जायची घाई झालीय.